कथा म्हणते थांब, गेम म्हणतो मार : ॲक्शन गेममधली कापाकापी, डिफिकल्टी आणि गोष्ट

पूर्णाकाठचा (धागाकर्ता)

'अनचार्टेड ४' (२०१६) या गेममध्ये एक ट्रॉफी आहे. हजार शत्रू मारले की मिळते. नाव 'लूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स'. क्लिंट हॉकिंग या गेम डिझायनरने २००७ मध्ये 'बायोशॉक'बद्दल लिहिताना हा शब्दप्रयोग केला होता. गोष्ट एक सांगते आणि खेळणाऱ्याचे हात भलतंच करतात, ही त्यातली तक्रार. अनचार्टेडचा नायक नेथन ड्रेक हसरा, गमत्या, बायकोवर जीव असलेला माणूस, आणि त्याच्या नावावर मुडद्यांचे ढीग. नॉटी डॉग कंपनीला लोकांनी वर्षानुवर्षं हेच ऐकवलं. शेवटी कंपनीने त्या टीकेचीच ट्रॉफी करून टाकली. याला कोडगेपणा म्हणतात, पण मला तो आवडला.

गंमत सोडा, प्रश्न खरा आहे. ॲक्शन-ॲडव्हेंचर गेमला खेळणाऱ्याचा घामही काढायचा असतो, गोष्टही पुढे न्यायची असते, आणि मारामारी तर पाहिजेच, कारण दुकान तिच्यावर चालतं. या तिघींचं एकमेकींशी पटत नाही. २०१३ चा 'टूम रेडर' घ्या. लारा क्रॉफ्ट एकविशीची पोरगी, जहाज फुटून बेटावर अडकलेली. पहिल्यांदा माणूस मारते तेव्हा हादरून जाते. प्रसंग चांगला उतरलाय. आणि थोड्याच वेळात तीच लारा एकामागून एक माणसं लोळवत सुटते, डोक्यात नेम बसला की वरून जास्तीचे पॉइंट. हादरणं कटसीनपुरतं, म्हणजे मधे आपोआप चालणाऱ्या, नुसत्या बघायच्या प्रसंगापुरतं.

२०१८ च्या 'गॉड ऑफ वॉर'ने यातून बरी वाट काढली. याच मालिकेतल्या, २००५ पासूनच्या ग्रीक पुराणांवरच्या गेममधला नायक क्रेटोस म्हणजे निव्वळ कत्तलखाना. नव्या गेममध्ये त्याची बायको वारली आहे, तिची राख सगळ्यात उंच शिखरावर न्यायची आहे, आणि सोबत पोरगा आहे, अट्रेयस. (इथून पुढे कथा फुटते. ज्यांना खेळायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडा.) पोरगा पहिल्यांदा माणूस मारतो तेव्हा त्याचे हात थरथरतात आणि बाप त्याला मन घट्ट करायला शिकवतो. पुढे पोराला कळतं की आपण देव आहोत. डोक्यात हवा जाते. थॉरचा मुलगा मोदी मार खाऊन खिळखिळा झालेला समोर येतो, बाप नको म्हणतो, आणि पोरगा त्याला सुरा मारतो. तिथे लक्षात येतं की इतका वेळ मी कुऱ्हाडीने जे जे केलं ते हा पोरगा बाजूला उभा राहून बघत होता. या गेममध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॅमेरा एकदाही कट होत नाही. मला ती करामत वाटायची, त्या प्रसंगानंतर तिचं काम कळलं. अर्थात फेकलेली कुऱ्हाड सप्पकन परत हातात येते तेव्हा जी मजा वाटते ती मारण्याचीच मजा आहे, आणि ती कंपनीने फार मेहनतीने घडवलेली आहे.

'द लास्ट ऑफ अस पार्ट २' (२०२०) ही मजाच काढून घेतो. एकाला मारलं की त्याचा जोडीदार त्याचं नाव घेऊन ओरडतो. कुत्र्यांनासुद्धा नावं आहेत. एका प्रसंगात नायिका एली एका बाईकडून माहिती काढायला तिला पाइपने मारते. पडद्यावर दिसतो एलीचा चेहरा, पण बटण आपल्याला दाबावं लागतं. नाही दाबलं तर गेम तिथेच अडून बसतो. इथे माझं भांडण आहे. मला दुसरा रस्ताच दिला नाही, मग लाज माझ्या वाट्याला कशी काय टाकता?

माझं म्हणणं एवढंच की रक्त किती दिसतं यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तुम्ही केलेलं मारणं गेमच्या लक्षात राहतं का, ते बघा. 'मेटल गिअर सॉलिड ३' (२००४) मध्ये एक नदी आहे. तिच्यातून चालत जाताना, तोपर्यंत तुम्ही मारलेले सगळे भुतं होऊन समोरून येतात. कमी मारले असतील तर वाट लवकर सरते. 'डिसऑनर्ड' (२०१२) मध्ये जितके मुडदे जास्त तितके शहरात उंदीर आणि रोगी जास्त, आणि शेवटही तितकाच काळा. पण तो गेम एकही माणूस न मारता संपवता येतो. याला मी न्याय म्हणतो.

बोला.

---

पांढरकवडा_पॅसेंजर

हजार शत्रूंची ती ट्रॉफी माझ्याकडे आहे. मोठ्या कौतुकाने बायकोला दाखवली. तिने विचारलं, यात घरातली झुरळं धरली आहेत का?

लेख आवडला. वाचनखूण साठवली.

---

संत्राबर्फी

धागाकर्ते मारामारीतच गुंतले आणि डिफिकल्टी उंबऱ्यावर उभी राहिली. माझ्या मते खरी गोची तिथे आहे.

फ्रॉम सॉफ्टवेअर कंपनीचा 'सेकिरो' (२०१९) घ्या. ईझी नाही, हार्ड नाही, जो आहे तो एकच. लोक शिव्या घालतात. पण त्यात 'ड्रॅगनरॉट' नावाचा रोग आहे. तुम्ही वारंवार मेलात की तो गेममधल्या भल्या माणसांना लागतो, ती खोकायला लागतात. तुमचं पुन्हा जिवंत होणं दुसऱ्यांच्या आयुष्यातून वजा होतं. आता सांगा, इथे अवघडपणा आणि गोष्ट वेगळी कशी काढणार? ईझी मोड दिला असता तर कोणी मेलं नसतं, कोणी खोकलं नसतं, आणि गोष्टीतली हवाच गेली असती.

दुसरी पद्धत 'गॉड ऑफ वॉर'ची. मुख्य रस्ता त्यामानाने सोपा. ज्याला खाज आहे त्याच्यासाठी आडवाटेला नऊ वाल्किरी (पंखवाल्या लढवय्या बाया) ठेवल्या आहेत, त्यातली शेवटची सिग्रुन माणसाला रडवते. तिच्याशी लढला नाहीत तरी राख शिखरावर पोचतेच. 'शॅडो ऑफ द टूम रेडर' (२०१८) ने तर मारामारी, फिरणं आणि कोडी यांची डिफिकल्टी वेगवेगळी ठेवली. कोडी अवघड, मारामारी सोपी, असं स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्या. मला हे सगळ्यात पटतं. ज्याला रक्ताचा कंटाळा आहे त्याने तो भाग लवकर उरकावा.

आणि एक चोरटी पद्धत आहे. 'रेसिडेंट ईव्हिल ४' (२००५) तुम्ही सारखे मरत असाल तर काहीही न सांगता सोपा होत जातो. शत्रू कमी येतात, गोळ्या जास्त सापडतात. आपण आपल्याच हुशारीवर खूश. (माझ्या मित्राला हे सांगितल्यावर तो दोन दिवस बोलला नाही.)

---

पूर्णाकाठचा

@संत्राबर्फी, सेकिरोबद्दल मान्य. पण 'हेडीस' (२०२०) बघा. त्यात मेल्यावरच गोष्ट पुढे जाते, घरी परत आलात की बाप टोमणे मारतो, बाकीचे बोलतात. आणि तरीही त्यात 'गॉड मोड' आहे. तो चालू केला की लागणारा मार आधी २० टक्के कमी होतो आणि दर मरणागणिक आणखी २ टक्के, ८० पर्यंत. म्हणजे मरणं गोष्टीत ओवूनही कच्च्या खेळाडूला सोबत नेता येतं. फ्रॉमवाल्यांना जमत नाही असं नाही, त्यांना करायचं नाही.

---

जागलीवरचा

भाऊ, तुमचं सारं खरं हाये. पन तुमी दिवसभर खुर्चीत बसून रात्री गेम खेयता. माह्यं उलटं हाये. मी तुरीच्या वावरात मचानावर जागली करतो. डुकरं आले का डब्बा वाजवाचा, बॅटरी माराची, फटाका फोडाचा. मंधातल्या वेयात मोबाइलवर बीजीएमआय, थो गोया झाडाचा गेम. त्यात रगत हिरवं दाखवते, पोट्टे म्हनते एलियन मारून राह्यलो.

रातच्याले मले खरंच भेव असते. डुक्कर अंगावर आलं तं मांडी फाडते. गेममंदी थे भेव नाई. मेलो तं पुन्हा छत्री घेऊन उतरतो. तिथी कोनी येऊन मले सांगन का तू ज्याले मारला त्याचं नाव अमुक होतं न त्याच्या घरी लेकरं वाट पायते, तं मी गेमच डिलीट करीन. मले लाज वाटासाठी गेम नाई पायजे. लाज वाटाले पीककर्ज हाये.

आनं डिफिकल्टीचं म्हनता तं आमच्या इकडे लाईट हेच डिफिकल्टी हाये. माह्या भावाच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेली हाये. 'किंगडम कम' खेये थो. त्यात सेव्ह कराले दारूची बाटली लागे. बाटली नाई तं मनात आलं तवा सेव्ह नाई! लाईट गेली का दोन घंट्याचं सारं पान्यात. ज्यानं थो गेम बनवला त्याच्या गावची लाईट कवा जात नसन.

---

संत्राबर्फी

हा हा, @जागलीवरचा दादा, 'किंगडम कम'वाल्यांना (२०१८) सगळ्या जगाने हेच ऐकवलं. मग त्यांनी 'सेव्ह करून बाहेर पडा' अशी सोय दिली. म्हणजे निघताना बाटली लागत नाही. पण लाईट विचारून थोडीच जाते.

गंमत म्हणजे ज्या फ्रॉमच्या गेमला लोक कसाई म्हणतात ते सतत आपोआप सेव्ह होत असतात. सेकिरोत लाईट गेली तर फार तर बॉस (म्हणजे टप्प्यावरचा तगडा शत्रू) पुन्हा पहिल्यापासून. आपल्या गावांच्या हिशोबाने तो दयाळू गेम आहे!

---

पूर्णाकाठचा

@जागलीवरचा, तुमचा मुद्दा माझ्या लेखाला आडवा जातो आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ज्याची रात्र आधीच धास्तीत जाते त्याला गेमने आणखी काळीज कुरतडावं का? तरी एक विचारतो. बीजीएमआयमध्ये गोष्टच नाही, म्हणून तिथे लाज यायचा प्रश्न नाही. पण ज्या गेमने स्वतःहून गोष्ट सांगायला घेतली, बाप-लेक, बायकोची राख, सगळं मांडलं, त्याने मारामारीच्या वेळी ती विसरून जावं का? माझी तक्रार त्या विसराळूपणाबद्दल आहे. नुसत्या नेमबाजीबद्दल नाही.

---

मास्तरीण_आर्वी

तुम्ही सगळे असं धरून चाललात की खेळणाऱ्याला गोष्ट कळते.

मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. वर्गातली बरीच मुलं तालुक्याच्या गेम झोनमध्ये जातात. 'गॉड ऑफ वॉर' त्यांना चांगला माहीत आहे, त्यांच्या भाषेत 'कुऱ्हाडवाला टकला'. मी विचारलं, तो डोंगरावर कशाला चाललाय? एकाने सांगितलं, तिथे मोठा बॉस असेल. दुसरा म्हणाला, पोराला ट्रेनिंग द्यायला. त्याच्या कमरेच्या थैलीत बायकोची राख आहे हे एकालाही माहीत नव्हतं. माहीत कसं असणार? संवाद इंग्रजीत, तेही पुटपुटलेले, खालची अक्षरं बारीक आणि भराभर जाणारी. मुलं बटण दाबून कटसीन पळवतात.

त्यामुळे कंपनीने कथा, कस आणि हिंसा यांचा तराजू कितीही नाजूक हाताने तोलला असला तरी आर्वीत येईपर्यंत कथेचं पारडं रिकामं झालेलं असतं. उरतं ते फक्त ठोकाठोकी आणि बॉस. धागाकर्ते म्हणतात गेमला मारणं लक्षात राहिलं पाहिजे. गेमने लक्षात ठेवलं आणि इंग्रजीत सांगितलं, तर आमच्या मुलांच्या लेखी ते सांगितलंच नाही. एली त्या बाईला मारते तेव्हा तिचा चेहरा बघून मुलं थोडी गप्प होतात असं ऐकलंय. चेहऱ्याला भाषा लागत नाही, बाकी सगळं वाहून जातं.

आपल्याकडचं एक उदाहरण आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०). सर्कशीतली मुलगी, राक्षसांनी पळवलेला धाकटा भाऊ गोलू, आणि मदतीला दुर्गा. नंतरच्या आवृत्तीत हिंदी आवाजही आला. मारामारी थोडी ताठर आहे आणि शेवट घाईत गुंडाळल्यासारखा वाटतो. पण माझ्या पुतणीने तो खेळताना एकही संवाद पळवला नाही, आणि गोलू सापडेल की नाही हे जेवताना विचारत राहिली.

---

गेमझोनवाला

मास्तरीणबाईंचं म्हणणं खरं आहे, पण दोष फक्त इंग्रजीचा नाही. पैशाचाही आहे.

माझं दुकान तासावर चालतं. पोरगा खिशातले पैसे मोजून येतो. त्याचा तास कटसीन बघण्यात गेला तर त्याला लुटल्यासारखं वाटतं. मराठीत डब केलं तरी तो पळवणारच. म्हणून माझ्याकडे गोष्टीचे गेम चालत नाहीत. फुटबॉल, कुस्ती, गाड्या आणि 'टेकन'. 'गॉड ऑफ वॉर' चालतो तोही मधूनच, आधी कुणीतरी सेव्ह केलेल्या जागेवरून. एकाने सुरू केलेला गेम दुसरा पुढे नेतो, तिसरा संपवतो. सलग गोष्ट कोणीच बघितलेली नसते.

या कंपन्या धरून चालतात की माणूस स्वतःच्या घरी, स्वतःच्या टीव्हीवर, आठवडेच्या आठवडे एकटा बसून खेळेल. तसं बसणारं गिऱ्हाईक माझ्याकडे येत नाही.

---

काथ्याकूट_काका

सगळा धागा वाचला. एक साधा प्रश्न. हे खेळून पोरं मारकुटी होतात की नाही? होत असतील तर गोष्ट चांगली की वाईट याला काय अर्थ?

---

औषधी_दुकान

काका, यावर बराच अभ्यास झालाय. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास छापला. मुलांचं खेळणं आणि आई-वडिलांनी सांगितलेलं त्यांचं वागणं ताडून पाहिलं, तर हिंसक गेम आणि आक्रमकपणा यांचा संबंध सापडला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये म्हटलं की खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही, मात्र आरडाओरडा, ढकलाढकली अशा गोष्टींशी थोडा संबंध दिसतो. व्यसन हा वेगळा विषय. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' घातलाय, आणि तो रक्ताळ गेमचाच असतो असं नाही.

अमेरिकेत १९९३ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट'वरून थेट सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या, त्यातून १९९४ मध्ये वयाचे शिक्के मारणारी ईएसआरबी आली. युरोपात पेगी आहे. 'गॉड ऑफ वॉर'वर पेगीचा १८ चा शिक्का आहे. गेम झोनवाले दादा, तुमच्याकडे तो शिक्का कोणी वाचतं का?

---

गेमझोनवाला

डिस्कचं कव्हर मी कपाटात ठेवतो. त्यामुळे नाही, कोणी वाचत नाही. तुम्ही विचारलंत ते बरोबर आहे, पण हे मी दुकानात मोठ्याने बोलणार नाही.

---

वडसेचा_पडदा

मी गेम फार खेळत नाही, धाकटा भाऊ खेळतो, मी बघतो. पण आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, त्यात मी पडद्यामागे असतो, म्हणून दोन शब्द.

आमचं नाटक रात्री उघडतं ते पहाटेपर्यंत. खून, बलात्कारी सावकार, रडारड, विनोदी नोकर, लावणी, सगळं असतं. प्रेक्षकाला मारामारी हवीच असते. पण लागोपाठ दोन मारामाऱ्या ठेवल्या की मागच्या रांगा चहाला उठतात. मधे विनोदी पात्र सोडावं लागतं, नाहीतर खलनायक पुन्हा आला तरी कोणी शिव्या देत नाही. शिव्या आल्या नाहीत तर नाटक पडलं समजायचं.

भाऊ 'द लास्ट ऑफ अस' चा पहिला भाग (२०१३) खेळत होता. शेवटाकडे ओसाड शहरात ती पोरगी आणि तो माणूस अचानक जिराफांच्या कळपासमोर येऊन उभे राहतात. काही करायचं नाही. बघायचं. भाऊसुद्धा, जो कधी थांबत नाही, तो बटण सोडून बसला. त्याच्यानंतर जी मारामारी आली ती त्याला जड गेली. जिराफ नसता तर ती त्याने हसत हसत मारली असती. हे ज्याने रचलंय त्याला आमच्या मंडळींच्या पंगतीत बसवायला हरकत नाही.

---

पूर्णाकाठचा

@वडसेचा_पडदा, आख्ख्या धाग्यात माझ्या लेखापेक्षा हा प्रतिसाद मला जास्त आवडला. 'शॅडो ऑफ द कोलोसस' (२००५) आठवला. आख्ख्या गेममध्ये १६ अजस्र प्राणी, त्यांच्याशिवाय शत्रू नाही. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना नुसता घोडा आणि मोकळं माळरान. चिल्लरखुर्दा मारायला कोणी नाही. त्यामुळे प्रत्येक वधाला वजन येतं. तो कोसळतो तेव्हा जिंकल्याचं संगीत वाजत नाही, सुतकी वाजतं, आणि नायकाची रया एकेका वधागणिक जात राहते. अवघडही आहे, त्या अंगावर चढून जाताना बोटं दुखतात. आणि मास्तरीणबाई, त्यात संवाद जवळजवळ नाहीतच.

---

मास्तरीण_आर्वी

मग तो पाहिजे. @गेमझोनवाला, तुमच्याकडे आहे का? एखाद्या रविवारी सकाळी, दुकान रिकामं असताना, मी आठ-दहा मुलं घेऊन येते. तासाचे पैसे मी देते. अट एकच, पळवापळवी नाही.

---

जागलीवरचा

बाई, मी पन येतो. रविवारी सकायी झोप नाई लागत अशीबी. पन कोपऱ्यात एका मशीनवर काही ठोकठाक चालू ठेवजा बापा.

---

गेमझोनवाला

२०१८ मध्ये पीएस४ साठी तो नव्याने आला, ती डिस्क माझ्याकडे आहे. पैसे अर्धेच द्या. काल संध्याकाळी दोन पोरांना लावून बघितला. पहिला प्राणी पाडला, खूश झाले. मग घोड्यावरून फिरत बसले. एकाने विचारलं, "दादा, आता बाकीचे कुठं आहेत?" म्हटलं, अजून पंधरा आहेत, शोधावे लागतील. तर म्हणतो, "अन् मधात कोणीच नाही? मग तेवढा वेळ काय करायचं?"

बाई, याचं उत्तर तयार करून या.